उतार लागायच्या आधी गिअर

ट्रक शिकायला आलेली मुलं चढाला घाबरतात. मीही घाबरायचो. पण चढावर चुकलं तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते, एवढंच. कस लागतो तो भरली गाडी उतारावरून खाली आणताना.

पहिल्यांदा भरलेला ट्रेलर उतरवला तेव्हा माझा पाय ब्रेकवरून हललाच नाही. वेग आटोक्यात, म्हणून मी निर्धास्त. अर्ध्यावर जळका वास आला. शेजारच्या उस्तादांनी आवाज न चढवता गाडी कडेला घ्यायला लावली. मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममधून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन उचलला, तोच त्यांनी माझा हात धरला. तापल्या ड्रमवर पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. चाकांखाली ठोकळे लावून आम्ही ड्रम निवण्याची वाट पाहत बसलो.

ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकडही ढिली पडते. हवेच्या ब्रेकमध्ये फसगत अशी, की पेडल पायाला नेहमीसारखंच लागतं, गाडी मात्र आवरत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारा ब्रेक, लावा. वेग वाढलाच तर ब्रेक नीट दाबून तो उतरवा आणि पाय काढा. नुसता टेकवून ठेवू नका. भर उतारात गिअर पाडायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी मोकळी सुटते. वेग दुप्पट झाला की ब्रेकवर पडणारी ऊर्जा चौपट होते, हे तेव्हा कळून उपयोग नसतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की हल्लीची इंजिनं डिझेल आपणहून बंद करतात.

सकाळी हवेचा काटा ८ बारच्या आसपास आला की इंजिन बंद करून कान द्या. फुसफुस ऐकू आली तर गळती शोधल्याशिवाय निघू नका. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा, जोडटायरांच्या मधे दगड अडकलाय का पाहा.

ट्रेलर जोडलात की फिफ्थ व्हीलचं, म्हणजे ट्रेलर ज्यात अडकतो त्या ट्रकवरच्या तबकडीचं, लॉक टॉर्च घेऊन, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवून खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढा. जोड सुटला नाही, तरच ट्रेलरचे टेकू वर घ्या.