ठाण्यात ईव्ही घ्यायला शोरूमला जाताय? आधी हे विचारा

आता कंपन्यांनी विकायची पद्धतच बदललीय, टाटाने ईव्हीसाठी वेगळी शोरूम काढली, एमजीने २०२४ मध्ये विंडसर ही इलेक्ट्रिक कार आणली तेव्हा बॅटरी भाड्याने, किलोमीटरमागे पैसे असा पर्याय दिला. गाडीची किंमत त्यात कमी दिसते, पण तुमचं महिन्याचं रनिंग धरून हिशोब सेल्समनसमोरच करा, आणि महिन्याला कमीत कमी किती भरावंच लागतं तेही विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार्जर. बुकिंगची रक्कम देण्याआधी डीलरच्या माणसाला सोसायटीत बोलवा, मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती लागेल ते मोजून घ्या, फुकट इन्स्टॉलेशनमध्ये ठराविक मीटरच केबल येते, वरचे पैसे तुमचे. कमिटीचं एनओसी लेखी घ्या, घोडबंदरच्या टॉवरमध्ये पोडियम पार्किंग (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरचं पार्किंग) असेल तर हे काम लांबतंच.

टेस्ट ड्राइव्ह एसी लावून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येच घ्या, शोरूममागच्या मोकळ्या रोडवर काहीच कळत नाही. लाइफटाइम बॅटरी वॉरंटी बऱ्याचदा पहिल्या मालकालाच असते, पुढे विकायची असेल तर दुसऱ्या मालकाला काय मिळतं ते नीट वाचा.

आणि हो, सर्व्हिस सेंटरला हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन आहे का, हे विचाराच!