निवडुंगाचं कलम: कडी जुळली की जमलं

नाशिकला कलम नवीन नाही. द्राक्षाची डोळकाडी डॉगरिज या द्राक्षजातीच्या खुंटावर (मुळं असलेल्या खालच्या झाडावर) पावसाळा सरता सरता बांधतात. निवडुंगाला मात्र ती दमट हवा सोसत नाही, काप सडतो. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत हात घाला.

खुंट म्हणून ड्रॅगन फ्रूटची तिधारी, रसरशीत फांदी घ्या. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने ती आडवी, एका झटक्यात कापा आणि कडेच्या धारा तिरक्या छाटा, नाहीतर काप सुकताना मधोमध खोलगट होतो. कापात मधे एक फिकट कडी दिसेल. तीच रसवाहिन्यांची. वरच्या निवडुंगाच्या कापातही ती असते. दोन्ही कड्या कुठेतरी एकमेकींवर यायलाच हव्यात. आकार लहानमोठा असेल तर वरचा तुकडा बाजूला सरकवा. मध्य साधण्याच्या नादात बहुतेक कलमं फुकट जातात, आणि ते पाहून जीव हळहळतो.

वरचा तुकडा दाबून राहावा म्हणून त्याच्यावरून आणि कुंडीखालून दोन रबरबँड घाला, सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. कापावर पाणी नको.

लाल-पिवळ्या गोळ्यांच्या ‘मून कॅक्टस’मध्ये हरितद्रव्यच नसतं, तो जन्मभर खुंटावरच जगतो. त्याला काढून मातीत लावू नका.