म्युनिकहून साल्झबुर्ग एका दिवसात, रूळ बंद असले तरी

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी सव्वासहाला मी मोबाइल उघडला आणि वाटेतल्या रोझेनहाइमच्या पुढचा मार्ग बंद असल्याचं कळलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गची आमची थेट गाडी रद्द झाली होती. आई स्वेटरची बटणं लावून, बूट घालून दाराशी उभी होती. "म्हणजे आता जायचं नाही का गं?" तिचा व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते आणि पुढच्या शनिवारी मला सुट्टी नव्हती. आम्ही गेलो. दहा वाजून वीस मिनिटांनी साल्झबुर्गला उतरायचं ठरलं होतं, उतरलो साडेअकराला. किल्ला पाहिला, नदीकाठी बसलो, रात्री सव्वानऊला म्युनिकला परत. त्या दिवशी जे करून निभावलं, आणि त्याआधी दोनदा फसल्यावर जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, या प्रवासाचा नकाशा डोक्यात हवा. म्युनिक ते साल्झबुर्ग साधारण दीडशे किलोमीटर. नेहमीची वाट रोझेनहाइम, प्रीन, ट्राउनश्टाइन, फ्रायलासिंग अशी जाते, आणि प्रादेशिक गाडीला पावणेदोन ते दोन तास लागतात. पण दुसरी एक वाट आहे, जी पर्यटकांना सहसा माहीत नसते: म्युनिक ओस्टहून (शहराचं पूर्वेकडचं स्टेशन, ओस्टबानहोफ) म्युलडोर्फ, तिथे गाडी बदलायची, आणि म्युलडोर्फहून लाउफेनवरून थेट फ्रायलासिंग-साल्झबुर्ग. ही वाट रोझेनहाइमला शिवतच नाही. त्यामुळे नेहमीच्या मार्गावर दुरुस्ती असो, झाड पडलेलं असो की सिग्नल बिघडलेला असो, ही बहुतेक वेळा चालू असते. वेळ तासभर जास्त धरा.

गंमत अशी की मोबाइलवरचं ॲप ही वाट आपणहून सुचवेलच असं नाही. ते सगळ्यात कमी वेळेचा पर्याय शोधतं, आणि गोंधळाच्या दिवशी तुम्हाला अर्ध्या वाटेवरच्या बसमध्ये नेऊन बसवतं. डीबी नेव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये मधलं स्टेशन घालायची सोय आहे, तिथे 'म्युलडोर्फ' लिहा. शिवाय फक्त प्रादेशिक गाड्या दाखव असा पर्याय निवडा, नाहीतर तुमच्या तिकिटावर न चालणाऱ्या वेगवान गाड्याच यादीत वर येतील. हे सगळं आदल्या रात्री करा. दुरुस्तीची कामं आधीच जाहीर झालेली असतात आणि वेळापत्रकात दिसतात. मी त्या शुक्रवारी रात्री वेळापत्रक पाहिलंच नाही, तेवढं केलं असतं तर सकाळची धावपळ वाचली असती.

तिकीट कोणतं घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे: अशा दिवसांसाठी बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं) किंवा डॉइचलांड तिकीट (तसंच, पण देशभराचं). दोन्ही साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतात, सीमेपलीकडे असूनही. दोन्ही एका गाडीला बांधलेली नसतात. ही सुटली की पुढची, ही वाट बंद तर ती वाट. बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. शनिवारी-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, आठवड्याच्या इतर दिवशी सकाळी नऊनंतर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत वैध राहतं. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहायची असतात, तेवढं विसरू नका. डॉइचलांड तिकीट महिन्याचं असतं. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 युरो झालं. एका सहलीसाठी कोणी ते घेणार नाही, पण इथे राहणाऱ्या बहुतेकांकडे असतंच. माझ्याकडे होतं. आईसाठी एकटीचं बायर्न तिकीट काढलं.

आगाऊ काढलेलं स्वस्त वेगवान गाडीचं तिकीट मात्र त्या ठरावीक गाडीपुरतंच असतं. मुक्कामाला पोहोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. उलट बायर्न तिकीट किंवा डॉइचलांड तिकीट हातात असताना "आमची गाडी रद्द झाली" म्हणून वेगवान गाडीत चढू नका. या दोन तिकिटांना ती सवलत नाही, दंड बसू शकतो.

आता सकाळ. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर जायचा हट्ट सोडा. साल्झबुर्गच्या आणि म्युलडोर्फच्या, दोन्ही गाड्या ओस्टबानहोफला थांबतात. शहराखालच्या बोगद्यातून धावणाऱ्या उपनगरी गाड्याही वरचेवर अडकतात. तेव्हा यू-फाइव्ह ही भुयारी मेट्रो धरा. मुख्य स्टेशनवरून ती थेट ओस्टबानहोफला जाते आणि उपनगरी गाड्यांच्या बोगद्याशी तिचा काही संबंध नाही. आम्ही तशाच गेलो.

घोषणेत चार शब्द कानाला ओळखीचे हवेत. 'फेअरश्पेटुंग' म्हणजे उशीर. 'फेल्ट आउस' म्हणजे रद्द. 'ग्लाइसवेक्सल' म्हणजे फलाट बदलला, हा ऐकला की आधी उठा आणि मग विचारा कुठे. चौथा लांबलचक आहे, 'शीननएरझाट्सफेरकेअर', म्हणजे रेल्वेऐवजी बस. पाटीवर नुसतं एसईव्ही लिहिलेलं असतं. ही बस स्टेशनच्या दाराशीच असेल असं धरून चालू नका. कधी मागच्या बाजूला, कधी दोन रस्ते सोडून उभी असते. खुणा अनेक ठिकाणी जांभळ्या रंगात असतात, जमिनीवरही पाहा. गाडीतून उतरलेला सगळा लोंढा एकाच बसकडे धावतो, तेव्हा वयस्कर माणूस बरोबर असेल तर पहिल्या बसचा नाद सोडून दुसरीत बसायला जागा मिळवा. माझ्या आधीच्या फसलेल्या सहलींपैकी एकीत मी बाबांना पहिल्या बसमध्ये कोंबलं, आणि त्यांनी पाऊण तास दांडा धरून उभ्यानं काढला. ते काही बोलले नाहीत. मला मात्र अजून टोचतं.

म्युलडोर्फला त्या दिवशी इन नदीवरून धुकं आलेलं होतं. समोरचा फलाट दिसत होता, त्यावरची माणसं फक्त रंगानं ओळखू येत होती. डिझेलची छोटी गाडी घरघरत उभी होती आणि जिन्यातून धावत येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी चालकानं दार धरून ठेवलं होतं. गाडी निघाली, धुक्यातून शेतं आणि कांद्यासारख्या घुमटांची चर्चं एकेक करून बाहेर येत गेली. आई खिडकीला नाक लावून बसली होती. त्या जास्तीच्या तासाची भरपाई मला तिथेच झाली.

फ्रायलासिंगला पोहोचलात की अर्धी चिंता मिटली. तिथून साल्झबुर्ग सात किलोमीटरच्या आसपास, मध्ये फक्त झालाख नदी. उपनगरी गाड्या चालू असतात, आणि अगदीच सगळं ठप्प झालं तर चौघांत टॅक्सीही परवडते. उपनगरी गाडी मिळाली तर मुख्य स्टेशनपर्यंत जाऊ नका. आधीच्या म्युल्न-आल्टश्टाट थांब्याला उतरा. जुनं शहर तिथून जवळ आहे, आणि उशिरा पोहोचलेल्यांचा बराच वेळ वाचतो.

आणि रोझेनहाइमलाच अडकलात तर? तेव्हा शहर बदला. तिथून दुसरा फाटा ऑस्ट्रियातल्याच कुफश्टाइनला जातो, बायर्न तिकीट तिथेही चालतं. कुफश्टाइनलाही डोक्यावर किल्ला आहे, आणि त्याच्या बुरुजात 1931 पासूनचा प्रचंड ऑर्गन आहे, रोज दुपारी बाराला वाजतो, खालच्या गावात ऐकू येतो. साल्झबुर्गच्या नावानं रोझेनहाइमच्या फलाटावर तीन तास काढण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

साल्झबुर्गमध्ये तुमच्या हातात समजा सहा तास आहेत. तर आठ तासांची यादी तशीच घाईत रेटू नका, यादीच छाटा. मी आईला एकच विचारलं, "एक गोष्ट बघायची तर कोणती?" ती म्हणाली, "तो वरचा किल्ला." मग होहेनझाल्झबुर्ग आधी, बाकी सगळं वाटेत जमेल तसं. आर्चबिशप गेबहार्ड यानं 1077 मध्ये तो बांधायला घेतला. वर जायला 1892 पासून दोरानं ओढली जाणारी रेल्वे आहे, मिनिटाभरात वर नेते, गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता तीच घ्यावी. मोत्झार्टचं जन्मघर गेट्राइडगासे 9 मध्ये आहे, पिवळं, ओळखायला सोपं. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. आत शिरलो असतो तर किल्ल्यावरचा एक तास गेला असता.

पण एका ठिकाणी थांबाच. किल्ल्याच्या रेल्वेजवळ सेंट पीटर मठाची बेकरी आहे, शनिवारी ती दुपारीच बंद होते. दाराशी लाकडी पाणचक्की फिरते, शेवाळानं हिरवी झालेली, पाणी तिच्या पात्यांवरून अंगावर उडतं. दोन पायऱ्या खाली उतरलं की लाकडाच्या भट्टीत भाजलेला आंबट पिठाचा पाव मिळतो. अर्धा किलोचा घेतला. बाहेर येऊन आईनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसती हात शेकत उभी राहिली.

परतीचं सकाळीच ठरवा, शहरात पाऊल टाकायच्या आधी. माझा नियम असा की शेवटची गाडी ही आपली गाडी नाहीच. तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडून मोजायचं. गोंधळाच्या दिवशी शेवटची रद्द झाली तर तुम्ही सीमेपलीकडे रात्रभर अडकता. साल्झबुर्गमध्ये यासाठी एक सुंदर घड्याळ आहे: रेझिडेन्झप्लाट्झ चौकातल्या मनोऱ्यातल्या 35 घंटा सकाळी सातला, अकराला आणि संध्याकाळी सहाला वाजतात. सहाच्या घंटा ऐकायच्या आणि तिथूनच स्टेशनकडे चालू पडायचं.

परतताना अर्धा तास जास्तीचा धरा. 2015 पासून जर्मनी या सीमेवर तपासणी करते, फ्रायलासिंगला पोलीस डब्यात चढतात, गाडी उभी राहते. पासपोर्ट मूळचाच हवा, फोटो चालत नाही. इथे राहत असाल तर रहिवासी कार्डही. आईचा पासपोर्ट पोलिसानं पाहिला, व्हिसाचं पान उलटलं, आणि परत देताना तिला हसून नमस्कार केला.

घरी आल्यावर एक काम उरतं. साध्या तिकिटावर मुक्कामाला तासाचा उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के, दोन तासांचा झाला तर 50 टक्के परत मिळतात. टोकाच्या हवामानामुळे झालेल्या उशिराला ही भरपाई नाकारता येते. डॉइचलांड तिकिटावर तासाभराच्या प्रत्येक उशिराला फक्त दीड युरो, आणि चार युरो जमल्याशिवाय ते देत नाहीत, म्हणून असे तीन उशीर साठवून एकदम अर्ज करा. मुदत तीन महिन्यांची. रद्द गाडीचा स्क्रीनशॉट त्याच वेळी काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी ती नोंद ॲपमधून गेलेली असू शकते. माझा तिसरा उशीर त्या शनिवारी भरला. आई शेजारी बसून उरलेला पाव कापत होती, आणि मी रोझेनहाइमच्या गाडीचा क्रमांक अर्जात लिहीत होते.