एकट्याने ॲप करताय? या चुका टाळा

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्यासाठी मी उधारीच्या वहीचं ॲप केलं होतं. महिनाभर ते त्यांच्या मुलानेच वापरलं, सगळं सुरळीत. मग एका सकाळी शेठचा फोन आला. "अहो, पोराच्या मोबाईलवर चालतंय. माझ्यावर सेव्ह दाबलं की बंद पडतंय." कर्वेनगरच्या माझ्या खोलीत तीन फोन आहेत, तिन्हींवर चालत होतं. दोन दिवस मी शेठना "मोबाईल बंद करून चालू करा" सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी स्कूटर काढून गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठलं, फोन हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. शेठच्या फोनची भाषा मराठी होती. माझे तिन्ही इंग्रजीत.

फोन मराठीत असला की अँड्रॉइड आकडेही देवनागरीत लिहितो. रकमेला दोन दशांश स्थळं द्यायला मी स्ट्रिंग फॉरमॅट (आकड्याचा मजकूर बनवणारं फंक्शन) वापरलं होतं, लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेत लिहायचं ते, न देता. त्यातून देवनागरी '१२५०.५०' बाहेर पडलं आणि पुढच्या ओळीत ते डबलमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलायला गेल्यावर नंबर फॉरमॅट एक्सेप्शन, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी चूक येऊन ॲप बंद. तारखेचंही तेच. देवनागरीतली तारीख सर्व्हरला पाठवली की तो ती ओळखतच नाही. वर गंमत अशी की पूर्णांक वाचणारं पार्स-इंट देवनागरी आकडे मुकाट्याने घेतं. म्हणून पोत्यांची संख्या बरोबर जायची आणि गाडी अडायची ती रुपयांवर. त्याने मला आणखीच चकवलं.

उपाय छोटा आहे. माणसाला दाखवायचं ते फोनच्या भाषेत, मशीनला द्यायचं ते लोकेल डॉट रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल) लावून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाचणीचा एक फोन कायम मराठीत ठेवा, अक्षरही सगळ्यात मोठं करून. मग बटणावरच्या 'खरेदीपूर्व'चा रफार वरून छाटला जातोय, हेही आपल्यालाच आधी दिसेल. बटणाची उंची पक्क्या आकड्यात बांधली की हे हमखास होतं. आणि क्रॅशलिटिक्स (ॲप कुठे, कशामुळे बंद पडलं त्याची नोंद आपल्याला पाठवणारं साधन) पहिल्याच बिल्डमध्ये घाला. त्या नोंदीत देवनागरी आकडा सरळ छापून आला असता, माझं पेट्रोल वाचलं असतं.

"आठवण वाजतच नाही" ही दुसरी नेहमीची तक्रार. कोड उकरण्याआधी तीन गोष्टी बघा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना ठरल्या मिनिटाला अलार्म वाजवायची मुभा आपोआप मिळत नाही. आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप सरळ मारून टाकतात. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत बहुतेकदा तिसरंच निघालं.

आता खात्याचं. गिऱ्हाईकाचं ॲप आपल्या गूगल प्लेच्या डेव्हलपर खात्यावर टाकण्याचा मोह मलाही झाला होता. नका टाकू. उद्या त्याच्या ॲपने नियम मोडला, तर खातं आपलं जाऊ शकतं आणि त्यासोबत आपली बाकीची ॲपही. त्यालाच खातं उघडायला लावा. गूगलचे २५ डॉलर एकदाच, ॲपलचे ९९ डॉलर दरवर्षी. ॲपलचे भरायचे राहिले की ॲप स्टोअरवरून उतरतं, म्हणून ती तारीख त्याच्याही कॅलेंडरात टाकून द्या.

मात्र मुहूर्त विचारून तारीख कबूल करू नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला आधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) करावं लागतं, किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती. त्यानंतर अर्ज, मग तपासणी. "पाडव्याला चालू करायचंय" असं कुणी पाडव्याच्या आठवडाभर आधी म्हणालं, तर तिथेच नाही म्हणा. मी बारा मोजून घेतले होते, त्यातला एक भाचा नवव्या दिवशी बाहेर पडला. तेव्हापासून अठरा-वीस जण घेतो. संस्थेच्या नावाच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डन्स क्रमांक (संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो.

पॅकेजचं नावही (ॲपची आतली ओळख) नीट विचार करून द्या, एकदा प्रकाशित झालं की बदलता येत नाही. माझं एक ॲप आजही 'चाचणी२' हे नाव पोटात घेऊन फिरतंय.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तोंडी बोलीवर काम घेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामलाही संरक्षण आहे आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. म्हणून करारात 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित' हे वाक्य घाला आणि "जरा एक छोटासा बदल" किती वेळा फुकट, तेही लिहा. ॲपमधल्या विक्रीवरचं ॲपलचं कमिशन छोट्या डेव्हलपरला ३० ऐवजी १५ टक्के पडतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अनेक जण तो करतच नाहीत.

शेठचं ॲप दुरुस्त करताना मी घाईत सगळेच आकडे इंग्रजी करून टाकले होते. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "चालतंय हो आता. पण ते आपले मराठी आकडे कुठं गेले? वहीसारखे दिसायचे, ते बरं होतं." दाखवायच्या जागी ते परत आणले.