घरी शिकणारी पोरं आणि परसातली उन्हाळी भाजी: आमच्याकडे कसं जमतं ते सांगते

आमची दोन पोरं, मोठी 10 वर्षांची आणि धाकटा 6, दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. पुण्याच्या बाहेर मुळशीच्या रस्त्याला भाड्याचं घर आहे आणि घरामागे पाव गुंठा मोकळी जागा, तिथे भाजी लावतो. हे तिसरं वर्ष. नवीन आयांचा हमखास प्रश्न असतो की अभ्यास आणि बाग दोन्ही कसं बसवता गं दिवसात? त्यासाठीच हे लिहितेय. (परीक्षेचं वगैरे इथे नको, ते वेगळं प्रकरण आहे. थोडक्यात सांगायचं तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, त्यामुळे आत्ता सहा वर्षांच्या पोरामागे त्याची चिंता लावून घेऊ नका.)

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. आपल्याकडे वसंत म्हणजे काही गारेगार गुलाबी प्रकरण नाही, पळस फुलला, काटेसावर लाल झाली, तांबट पक्षी दिवसभर टुकटुक करायला लागला की समजायचं की आता महिनाभरात ऊन भाजायला लागणार. म्हणून बी महाशिवरात्रीच्या सुमाराला मातीत गेलंच पाहिजे, फार तर होळीपर्यंत. मी पहिल्या वर्षी पाडव्याच्या मुहूर्तावर लावायचं म्हणून थांबले होते, मुहूर्त चांगला होता पण रोपं जळाली. आणि टोमॅटोच्या नादी आत्ता लागू नका, पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात. थंडीत लावलेली झाडं असतील तर त्यांचे टोमॅटो संपवा आणि जागा मोकळी करा.

काय लावायचं? भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारलं, लाल माठ. मेथी मार्चनंतर लवकर फुलावर येते आणि कडू लागते, कोथिंबिरीला सावली लागते. पण कोथिंबीर एकदा तरी लावाच, कारण धना चपलेखाली हलकेच रगडला की त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक बी, हे पोरांना कळतं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं. धाकट्याने त्या दिवशी घरातले सगळे धने फोडले. सांबार मसाला राहिला.

लहान पोराला लाल माठ द्या. चार-पाच दिवसांत उगवतो, 25-30 दिवसांत कापायला येतो, एवढाच धीर असतो त्यांच्याकडे. मोठ्याला भेंडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, बोटाच्या एका पेराएवढं खोल टाकायचं, दोन रोपांत एक वीत तरी अंतर. आठवड्यात वर येते आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली भेंडी. कारल्याची बी कडक असते, तिला पूर्ण दिवस भिजू द्या. हे आकडे पोरांना आधी सांगू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेरल्याची तारीख लिहायची आणि त्यांनाच अंदाज बांधायला लावायचा. आमच्या मोठीने गेल्या वर्षी 50 दिवस मोजून 6 एप्रिल काढली होती आणि भेंडी 3 तारखेला आली, तर मॅडम भेंडीवर चिडल्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर एवढं टाइप करतेय. प्रत्येक पोराला स्वतःचा वाफा द्या, लहानच, तीन फूट बाय चार फूट पुरतो, आणि एकदा दिला की त्यात हात घालू नका. म्हणजे अजिबात नाही. मी पहिल्या वर्षी काय करायचे, धाकटा पाणी घालायचा विसरला की रात्री सगळे झोपल्यावर गुपचूप तांब्याभर ओतून यायचे. त्याला काय वाटलं, झाडाला पाणी नसलं तरी चालतं! नवऱ्याला अगदी आत्मविश्वासाने सांगत होता, बाबा माठाला पाणी लागतच नाही. तेव्हा मी बंद केलं. पुढच्या वर्षी चार दिवस विसरला, अर्धा माठ आडवा झाला, रडला, आणि मग सकाळी उठल्या उठल्या स्वतःच झारी शोधायला लागला. मला त्या चार दिवसांत किती त्रास झाला ते मलाच माहीत, पण वाफा पोराचा असेल तर मेलेला वाफा पण पोराचाच असतो. आपल्या घरच्या जेवणासाठी वेगळा वाफा ठेवा ना, तिथे काय ती हौस करा.

माती. खड्डा खणून बाजूला ठेवलेली माती, तेवढंच कुजलेलं शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते त्यामुळे वाळलेली पानं फुकट मिळतात, आम्ही पोती घेऊन रस्त्यावरून गोळा करतो आणि लोक गाडी थांबवून बघतात. ही पानं वाफ्यावर चार बोटं जाड पसरायची. एप्रिलमध्ये पानांखाली हात घातला तर गार लागतं आणि शेजारच्या उघड्या मातीवर हात ठेवला तर चटका बसतो, पोरांनी थर्मामीटर लावून दोन्हीकडचं लिहून ठेवलं होतं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करायचं असेल तर गणिताचा आठवडा त्यातच काढा. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतलं प्रमाण 200 लिटर पाण्याला असतं, एका एकरासाठी: 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकरात 40 गुंठे, मग गुंठ्याला किती? 5 लिटर. आमच्या पाव गुंठ्याला? सव्वा लिटर. तेवढं करत बसण्यापेक्षा आम्ही 20 लिटरच्या बादलीत करतो, उरलेलं शेजारच्या काकांच्या केळींना. 20 लिटरला गूळ किती हे मोठीने काढलं, 200 ग्रॅम, आणि शेण किती हे धाकट्याने काट्यावर मोजलं (स्वयंपाकघरातल्या नाही, हे आधीच स्पष्ट करा, मी केलं नव्हतं). सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी तयार, आठवड्याच्या आत वापरून टाकायचं. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट हेही तेव्हाच दोरी लावून मोजून घेतलं. पुस्तकात क्षेत्रफळ आलं तेव्हा मोठी म्हणाली, हे तर आपण केलंय.

दिवस कसा चालतो: सकाळी साडेसहा ते साडेआठ बाहेर. पाणी, तण, तोडणी, नुसतंच चिखल करणं, सगळं यात. मग नाश्ता, अंघोळ, दहा ते बारा पुस्तकं आणि वह्या. दुपारी बाहेर कोणी जात नाही, वाचन, झोप, भांडणं. साडेपाचनंतर परत बाहेर. लोकांना वाटतं होमस्कूलिंग म्हणजे घरात फळा लावून नऊ ते चार शाळा भरवायची, आम्ही पण दोन महिने केलं होतं ते, घरात रोज रडारड. दोन तास मन लावून केलेला अभ्यास या वयाला पुष्कळ होतो हे माझं मत आहे, कोणाला पटणार नाही, सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही.

संध्याकाळी बाहेर जाण्याचं एक कारण दुधी. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, दोडक्याची पण, आणि काकडी-कारल्याची सकाळी. आधी नुसती नर फुलं येत राहतात, घाबरायचं नाही. मादी फुलाच्या खाली बोटाएवढा इवलासा दुधी असतो, तो दिसला की नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यात हलकेच फिरवायचा. शहराजवळ किडे कमी असतात म्हणून हे हातानेच करावं लागतं, नाहीतर इवलासा दुधी पिवळा पडून गळतो. मोठी हे काम करते आणि प्रत्येक फुलाला दोरा बांधून ठेवते. सात फुलांपैकी चार धरली गेल्या वर्षी. परागीभवनाचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही, पण आजोबांसमोर जेवताना तिने तो सविस्तर सांगितला तेव्हा जरा अवघड झालं.

20-21 मार्चला एक काम नक्की करा. दिवस-रात्र सारखे असतात ना, त्या दिवशी मोकळ्या जागेत 100 सेंटिमीटरची काठी सरळ उभी रोवायची आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. पुण्यात सगळ्यात छोटी सावली 12 ला पडत नाही, 12 वाजून 40 मिनिटांच्या आसपास पडते, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (आधीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतं आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. ती सावली साधारण 33 सेंटिमीटर भरते. आणि सगळे खडे जवळपास एका सरळ रेषेत येतात! बाकीच्या दिवशी वाकडी रेष येते. पुढे 13-14 मेला पुण्यात भरदुपारी सावली गायबच होते, तोपर्यंत काठी तशीच राहू द्या. बागेला याचा उपयोग असा की कुठल्या वाफ्यावर किती वाजेपर्यंत ऊन हे पोरांनाच कळलं, आणि हिरवी शेडनेट कुठे बांधायची ते त्यांनीच सांगितलं.

कीड येणारच. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा बसतो, त्याला आधी पाण्याचा जोरात फवारा, मग लागलंच तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब लिक्विड सोप, तेही संध्याकाळी. पण फवारण्याआधी पोरांना भिंग देऊन बसवा. आमच्याकडे माव्यात काळे-नारिंगी ठिपक्यांचे छोट्या मगरीसारखे दिसणारे किडे होते, मी कीड समजून सगळे चिरडले, आणि नंतर कळलं की ती ढालकिड्याची पिल्लं, मावा खाणारी! धाकटा अजून काढतो विषय. भेंडीची पानं पिवळ्या जाळीदार शिरांची झाली तर तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते, औषध शोधत बसू नका, झाड उपटा. पुढच्या वेळी परभणी क्रांतीचं बी घ्या, परभणीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे, केवड्याला बरीच दाद देत नाही.

वही एकच ठेवा, सगळ्यांची मिळून. आज किती भेंड्या, किती ग्रॅम, काय मेलं, कोणता पक्षी आला. शुद्धलेखन तपासू नका त्यातलं. लाल पेन लागलं की वही बंद पडते, अनुभव आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पोरं जरा एकटी पडतात हे मात्र खरं. आजूबाजूच्या सगळ्यांच्या परीक्षा, संध्याकाळी खेळायला कोणी नाही, वर प्रत्येक जण विचारणार, "तुमची परीक्षा नाही का रे?" आम्ही त्या दिवसांत पोरांकडून माठाच्या जुड्या बांधून घेतो आणि शेजारी वाटायला पाठवतो. चार घरी बसतात, गप्पा मारतात, खाऊ मिळतो. परीक्षा संपल्या की तीच सगळी मुलं आमच्याकडे येतात आणि वाफे तुडवतात, त्यासाठी मधून विटांची वाट आधीच करून ठेवा.

पाडव्याला कडुनिंबाला मोहोर असतो. तो पोरांनाच तोडायला लावा आणि गूळ, चिंच, जिरं, मिरी, हिंग घालून त्यांनाच वाटायला लावा. स्वतः वाटलेलं असलं की थुंकत नाहीत. म्हणजे धाकटा थुंकला, पण अंगणात जाऊन.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर बिनरंगाचं साधं भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा, काठोकाठ भरा, वर झाकण. पाणी हळूहळू पाझरतं, चार-पाच दिवस वेलांना धकतं, त्यापुढे शेजारच्या काकांना सांगावंच लागतं. आणि जायच्या आधी भेंडीच्या चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्या तोडू नका, लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे काकाही तोडणार नाहीत. परत येईपर्यंत वाळून खुळखुळ्यासारख्या वाजतात. हायब्रीडच्या पाकिटातलं बी असेल तर याचा उपयोग नाही, साध्या जातीचं असेल तरच. आमच्याकडे आत्ता एका गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत 61 बिया आहेत, धाकट्याने मोजल्यात, आणि त्यातल्या 11 त्याने आत्याच्या मुलाला दहा रुपयांना विकल्यात असं मला काल कळलं.