छातीतल्या दुखण्याच्या आणि बीपीच्या गोळ्या: या चुका टाळा

औषधाच्या दुकानात बसून मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे ती 'दिवसातून दोनदा' या शब्दांची. छातीतल्या दुखण्यावरच्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या नायट्रेट औषधाची साधी (सावकाश विरघळणारी नव्हे अशी) गोळी पेशंट सकाळी 8 आणि रात्री 8 अशी घेतात. आपल्याला सवयच तशी. ही गोळी मात्र बहुतेकदा सकाळी 8 आणि दुपारी 3 अशी, सात तासांच्या अंतराने घ्यायची असते. नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो आणि हृदयावरचा भार उतरतो. (या वायूचं हे काम उलगडणाऱ्या तिघांना 1998 सालचं नोबेल मिळालं.) पण नायट्रेट चोवीस तास रक्तात राहिलं, तर वाहिनी त्याला दाद देईनाशी होते. रात्री तिला मोकळीक मिळाली की सकाळची गोळी पुन्हा लागू पडते. 'गोळी चालत नाही' असं वाटलं तर आधी वेळा डॉक्टरांना सांगा. दुखणं रात्रीच उठत असेल, तर ते वेळा वेगळ्या बसवून देतील.

छातीत दुखू लागल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेट (हेही नायट्रेटच) जिभेखाली ठेवताना बसा. उभ्यानं घेतली तर बीपी झपकन उतरून माणूस कोसळू शकतो. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर थेट 108 ला फोन.

अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याशी सूज आली की लोक 'किडनी गेली' म्हणून घाबरतात. या बीपीच्या गोळीनं बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाही. म्हणून केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. घरातल्या दुसऱ्या कुणाची लघवीची गोळी घेऊन ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध जोडतात. सूज एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या ठोके मंदावणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. गावाला जाताना गोळ्या घरी विसरल्या, इतकंही कारण पुरतं: ठोके उसळतात, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) बळावतो, हार्ट अटॅकही येऊ शकतो.

आणि एक, जे काका लोक काउंटरवर बोलत नाहीत. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या लैंगिक ताठरतेच्या गोळ्या अजिबात नकोत. दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जातं. अशी गोळी घेतली असेल आणि छातीत दुखू लागलं, तर दवाखान्यात पाऊल ठेवताच सांगा, बायकोसमोर असलात तरी.