सॅक्सोफोनचं फंक हार्मोनिकावर वाजवताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिला स्वर वाजण्याआधीच झालेली असते: हार्मोनिका चुकीच्या पट्टीची उचललेली असते. नवखा वादक ऑल्टो सॅक्सचं नोटेशन उतरवून घेतो, कागदावर डी मायनर दिसतो आणि तो डी धरून बसतो. ऑल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य आहे आणि टेनर सॅक्स बी फ्लॅटचं, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की ऑल्टोतून ई फ्लॅट आणि टेनरमधून बी फ्लॅट ऐकू येतो. ऑल्टोच्या कागदावर डी लिहिलेला असतो तेव्हा प्रत्यक्षात एफ वाजतो. टेनरवाल्याला तोच एफ हवा असेल तर त्याच्या कागदावर जी असतो. कीबोर्ड आणि बेस मात्र जे लिहिलंय तेच वाजवतात.

ॲव्हरेज व्हाइट बँड या स्कॉटिश फंक बँडचं १९७४ चं 'पिक अप द पीसेस' घ्या. सॅक्सवर चालणारी ही धून एफ मायनरमध्ये आहे. एका वादकाने ती ऑल्टोच्या कागदावरून डीमध्ये पाठ केली, तीही सी हार्मोनिकावर, थर्ड पोझिशनमध्ये (म्हणजे हार्मोनिकाच्या पट्टीचा रिषभ षड्ज मानून) आणि अगदी सफाईने. तालमीत बँड एफमध्ये सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. आधी कीबोर्डवाल्यावर खापर फोडून झालं. मग घाईघाईने बी फ्लॅटची हार्मोनिका निघाली, कारण 'एफसाठी बी फ्लॅट' एवढं त्याला पाठ होतं. पण ती सेकंड पोझिशन झाली, म्हणजे हार्मोनिकाच्या पट्टीचा पंचम षड्ज मानून वाजवणं. तिथे तिसऱ्या होलवर श्वास नुसता आत ओढला की शुद्ध गंधार येतो, आणि धुनेला हवा कोमल. तो त्याच होलवर अर्धा स्वर बेंड करून, म्हणजे तोंडाचा आकार बदलून स्वर खाली उतरवून, काढावा लागतो. पोराचा हात थर्ड पोझिशनला बसलेला, त्यामुळे ऐटीत चालणारी धून एकदम बालगीतासारखी गोड झाली.

थर्ड पोझिशन एवढी हवीहवीशी का, ते समजून घ्या. सेकंड पोझिशनमध्ये खमाज थाटाचे स्वर आयते मिळतात, थर्डमध्ये काफीचे, आणि मायनर फंकची बरीच कामं काफीतच भागतात. सी हार्मोनिकावर चौथ्या होलच्या ओढीपासून निघा (ओढ म्हणजे हवा आत, फुंक म्हणजे बाहेर): ४ ओढ, ५ फुंक, ५ ओढ, ६ फुंक, ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक, ८ ओढ. डी ते डी पूर्ण सप्तक, एकही बेंड नाही. वर ६ ओढ अर्धा स्वर खाली बेंड केली की ब्लू नोटही, म्हणजे ब्लूजचा तो उतरलेला पंचम, हाताशी येते.

म्हणजे एफसाठी ई फ्लॅटची हार्मोनिका. इथेही एक खोच आहे. नेहमीच्या ई फ्लॅट हार्मोनिकावर चौथ्या होलची ओढ सॅक्सच्या मधल्या एफपेक्षा एक सप्तक वर लागते आणि धून किरकिरी वाटते. यासाठी एक सप्तक खालची लो ई फ्लॅट मिळते, तीच घ्या. नसेल आणि धून एका सप्तकात बसत असेल, तर बी फ्लॅट घेऊन सेकंड पोझिशन. तिथे दुसऱ्या होलची ओढ नेमक्या हव्या त्या एफवर आहे. फक्त तिसऱ्या होलवरचे दोन्ही बेंड, कोमल गंधारासाठी अर्ध्या स्वराचा आणि रिषभासाठी पूर्ण स्वराचा, ट्यूनर समोर ठेवून पक्के करा. अंदाजपंचे बेंड ब्लूजमध्ये खपून जातो, सॅक्सच्या धुनेत उघडा पडतो.

स्वर सुरू होतो, पण संपतच नाही

हा आमचा आवडता संताप. सॅक्सवादक मेसीओ पार्करचं ऑल्टो ऐका, फंक गायक जेम्स ब्राउनबरोबरचं किंवा नंतरचं, कुठलंही. स्वर जितका नेमका सुरू होतो तितकाच नेमका तुटतो. हार्मोनिकावाले सुरुवात ठीक करतात आणि शेवट वाऱ्यावर सोडतात. स्वर विरत जातो, पुढच्यात मिसळतो आणि मधली शांतता, जिच्यावर हे संगीत उभं आहे, ती भरून जाते. वर हार्मोनिकाभोवतीचा पंजा उघडझाप करून वाऽवाऽ काढायची हौस. सॅक्सला पंजा नसतो. हात स्थिर ठेवा आणि कंप फक्त लांब स्वराच्या शेपटीला द्या.

उपाय जिभेत आहे. आखूड स्वरासाठी मनात 'तट्' म्हणा: पहिल्या त ने हवा सुटते, शेवटच्या ट् ला जीभ वर टेकून हवा बंद होते. ओढीच्या स्वरांवरही हेच करायचं. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण श्वास आत घेताना आपण एरवी काही बोलत नाही. बेंड केलेल्या आखूड स्वराची अडचण वेगळी आहे: तो आधी सरळ वाजतो आणि मग खाली घसरतो. तोंडाचा आकार हवा सुरू होण्याआधी तयार हवा, नंतर नाही.

पूर्ण धून नंतर. आधी एकच स्वर घ्या, मेट्रोनोम ७० वर, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून त्यातला एकच भाग वाजवा. पहिला, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. दुसरा आणि चौथा जागेवर पडेपर्यंत पुढे जाऊ नका. १०० च्या लयीत यातला एक भाग ०.१५ सेकंदांचा असतो, तेव्हा सलग चार स्वरांसाठी 'ता-का-ता-का' लागेल. नुसत्या 'ता-ता-ता-ता'ने जीभ दमते. 'व्हिडिओचा वेग कमी करून बरोबर वाजवून पाहिलं' हा सराव नव्हे, ते दुसऱ्याच्या लयीला लटकणं झालं.

ब्लूजचा झुलता शफल इथे आणू नका. ठोक्याचे चारही भाग समान. आणि वजन पहिल्या मात्रेवर, जेम्स ब्राउनच्या बँडची सगळी शिस्त त्या 'वन'वर होती.

मध्येच श्वास कोंडतो

थर्ड पोझिशनची मुख्य जागा म्हणजे ४, ५, ६ ओढ. तिन्ही वेळा हवा आत. चार ओळींत छाती गच्च भरते, मग स्वर उतरायला लागतात आणि दोष हार्मोनिकाला दिला जातो. ओळ अर्ध्या रिकाम्या फुप्फुसांनी सुरू करा आणि प्रत्येक विरामात नाकाने हवा बाहेर टाका. विराम कुठे आहेत ते धुनेबरोबरच पाठ करा.

जोर

सॅक्ससारखा मोठा आवाज हवा म्हणून ४ आणि ५ ओढ जोरात खेचली की त्या रीड (आतल्या स्वर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लवकर थकतात. स्वर उतरलेला वाटला तर आधी होल खाली करून हार्मोनिका तळहातावर आपटा, थुंकी किंवा कचरा असेल तर निघेल. मग अगदी हलक्या श्वासाने ट्यूनरवर पाहा. तरीही स्वर उतरलेलाच असेल तर रीड गेली. रीड प्लेट बदला, घासत बसू नका. मोठेपणा मायक्रोफोनकडून घ्या, आणि तोही ब्लूजवाल्यांचा फाटक्या आवाजाचा नको, साधा गाण्याचा पुरे.

ओव्हरब्लोची घाई

सेकंड पोझिशनमध्ये वरच्या सप्तकातला कोमल गंधार सहाव्या होलच्या ओव्हरब्लोवर (खास तऱ्हेने फुंकून काढलेल्या, होलमध्ये एरवी नसलेल्या वरच्या स्वरावर) आहे, म्हणून पहिल्याच महिन्यात सगळे त्याच्या मागे. नव्या हार्मोनिकाच्या रीडची फट बहुधा त्यासाठी जास्त असते. फट कमी केल्याशिवाय नुसती किंचाळी निघते, आणि फार कमी केली तर साधा स्वरही घुसमटतो. तो एक स्वर हवा असेल तर पोझिशन बदला.

ब्रास सेक्शनचे ठोके एका स्वरावर

ट्रम्पेट-सॅक्सचं पूर्ण सेक्शन एकदम ठोका मारतं तिथे तुमचा एकटा स्वर पोकळ वाटतो. जिभेने मधली होल झाकून सप्तक वाजवा: फुंकताना १ आणि ४, २ आणि ५, ३ आणि ६. ओढताना अंतर सगळीकडे सारखं नाही. १ आणि ४ जमतात, पण पुढे ३ आणि ७, ४ आणि ८ असं एक होल जास्त ताणावं लागतं. बेसूर ठोका बहुतेक वेळा इथूनच येतो.